टीमचा लाडका रायडर: मोटोजीपीत पंक्तिप्रपंच नेमका कुठे होतो?

पिटलेन_प्रेक्षक:
मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकल शर्यतींची सगळ्यात वरची जागतिक मालिका. तिच्या २०२५च्या हंगामाचे आकडे डोक्यातून जात नाहीत, म्हणून हा धागा. डुकाटीच्या फॅक्टरी टीममध्ये (कारखान्याच्या स्वतःच्या टीममध्ये) दोन रायडर. मार्क मार्केझ ५४५ गुण, हंगामातल्या पाच स्पर्धा बाकी असतानाच जपानमधल्या मोतेगीला जगज्जेता. शेजारच्या अर्ध्या गॅरेजमध्ये पेक्को बान्याया, २८८ गुण, पाचवा. हा तोच बान्याया, ज्याने २०२२ आणि २०२३ची विजेतेपदं घेतली आणि २०२४मध्ये ११ मुख्य रेस जिंकल्या. मोतेगीला तर त्याने स्प्रिंट (शनिवारची छोटी रेस) आणि मुख्य रेस दोन्ही खिशात घातल्या, आणि पुढच्याच आठवड्यात इंडोनेशियातल्या मांडालिकाला सगळ्यांच्या मागे रखडत होता.

जिकडेतिकडे एकच सूर आहे: टीमने मार्केझला झुकतं माप दिलं, बान्यायाला उरलंसुरलं. मला बाजू घ्यायची नाही, समजून घ्यायचं आहे. नियम पाहता टीमला भेदभाव करायला जागा तरी किती उरते? तो होत असेल तर बाहेरून कशावरून ओळखायचा? आणि टीम ऑर्डर (एकाने दुसऱ्यासाठी जागा सोडावी असा टीमचा हुकूम) नियमात बसते का? ज्यांनी नियम आणि टायमिंग शीट (वेळांचे अधिकृत तक्ते) बारकाईने वाचलेत त्यांनी लिहावं ही विनंती.

सहावा_गिअर:
आधी टीमच्या हातात काय नाही ते बाजूला काढू, म्हणजे निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

टायर टीमच्या हातात नाहीत. २०१६पासून सगळ्यांना मिशेलिनच टायर देते, आणि कुठला टायर कुठल्या रायडरच्या वाट्याला जाईल हे अधिकारी चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात. त्यात टीमचा, रायडरचा किंवा टायर कंपनीचा माणूस नसतो. ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) आणि त्याचं सॉफ्टवेअरही २०१६पासून सगळ्यांना एकच, मॅग्नेटी मरेलीचं. इंजिनं प्रत्येक रायडरला हंगामासाठी मोजून मिळतात आणि त्यांना सील असतं. फेअरिंग (गाडीचं बाहेरचं आवरण) आणि विंगलेटचा (त्यावरच्या छोट्या पंखांचा) आकार हंगामाआधी मंजूर करून घ्यावा लागतो, मध्ये एकदाच बदलता येतो. थोडक्यात, रविवारी सकाळी एखाद्याच्या गाडीत गुपचूप जास्त ताकदीचं इंजिन बसवलं, असलं काही घडत नाही.

आता हातात काय आहे ते बघा. चॅसी, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा भाग), सस्पेन्शन, ब्रेक डिस्कचा आकार, इंजिन ब्रेकिंग (थ्रॉटल सोडल्यावर इंजिनाने गाडी मंदावणं) आणि ट्रॅक्शन कंट्रोलचं (मागचं चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेचं) कॅलिब्रेशन. सॉफ्टवेअर एकच असलं तरी त्यात भरायचे आकडे प्रत्येक वळणासाठी आणि प्रत्येक रायडरसाठी वेगळे असतात, आणि ते भरणारा इंजिनिअर हुशार की साधारण यावर बरंच काही ठरतं. प्रत्येक रायडरकडे दोन गाड्या, स्वतःचा क्रू चीफ (त्याच्या माणसांचा प्रमुख), स्वतःचा डेटा इंजिनिअर, स्वतःचे मेकॅनिक. एका छताखाली दोन संसार. त्यामुळे पहिला भेदभाव पार्टमध्ये नसतोच, माणसांमध्ये असतो: उत्तम क्रू चीफ कोणाला मिळाला, आणि कारखान्यातला वरिष्ठ इंजिनिअर शुक्रवारी संध्याकाळी कोणाच्या बाजूला खुर्ची टाकून बसतो.

दुसरी जागा नवीन पार्टची. कार्बनचा नवा स्विंगआर्म तयार होतो तेव्हा सुरुवातीला एकदोनच नग असतात. ते कोणाला द्यायचे? जो गुणांत पुढे आहे त्याला. यात चूक काही नाही, पण परिणाम साठत जातो. पुढच्याला पार्ट तीन रेस आधी मिळतो, त्याच्यासाठी सेटिंग तयार होतं, आणि मागच्याला तो मिळेपर्यंत सेटिंग दुसऱ्याच्या अंगाचं असतं.

तिसरी जागा सगळ्यात खोल: पुढच्या वर्षीची गाडी कोणाच्या तक्रारी ऐकून बनते? याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण २०१९ची होंडा. मार्केझचे ४२० गुण. होंडाचे उत्पादक म्हणून गुण ४२६. उत्पादकाला प्रत्येक रेसमध्ये त्याच्या सगळ्यात पुढच्या रायडरचेच गुण मिळतात, म्हणजे अख्ख्या वर्षात बाकी सगळ्या होंडा रायडरांनी मिळून त्या खात्यात फक्त ६ गुणांची भर घातली. दुसऱ्या क्रमांकाची होंडा कॅल क्रचलोची, १३३ गुणांवर. आणि फॅक्टरीची दुसरी गाडी होर्हे लोरेन्झोकडे, तीन वेळचा मोटोजीपी जगज्जेता, त्याचे २८ गुण. (असेनला त्याच्या मणक्याला फ्रॅक्चर झालं होतं हे खरं, पण त्याआधीही तो पहिल्या दहात आलेला नव्हता.) कोणी लोरेन्झोला मुद्दाम खराब गाडी दिली नव्हती. गाडीच अशी घडत गेली होती की पुढचं चाक सटकताना कोपराने सावरणारा एकच माणूस ती चालवू शकत होता. २०२०मध्ये हेरेझला मार्केझचा हात मोडला आणि त्या हंगामात होंडाने एकही रेस जिंकली नाही. लाडक्याचे लाड करण्याची किंमत असते, आणि ती बहुतेक वेळा टीमच मोजते.

बान्यायाबद्दल: २०२५ला इंजिन गोठवण्याचा नियम असल्याने डुकाटीने फॅक्टरीच्या दोन्ही गाड्यांत २०२४च्याच इंजिनावर भिस्त ठेवली. त्याची तक्रार इंजिनाची नव्हतीच. ब्रेक दाबून वळणात शिरताना पुढच्या टायरचा अंदाज येत नाही, ही होती. आरागॉनला त्याने पुढे ३५५ मिलिमीटरच्या मोठ्या डिस्क लावल्या आणि तिसरा आला. मोठ्या डिस्कने तेवढ्याच बोटाच्या जोरात जास्त ब्रेक लागतो, पण फिरणारं वजनही वाढतं आणि गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला टाकायला जड होते. ज्याला टीम सोडून देते त्याच्यासाठी असे प्रयोग कोणी करत बसत नाही.

लॅपचार्ट:
कशावरून ओळखायचं, याचं उत्तर देतो. प्रत्येक सत्रानंतर अधिकृत संकेतस्थळावर लॅपवार (लॅप म्हणजे सर्किटची एक फेरी) विश्लेषणाची पीडीएफ येते. तिच्यात चार सेक्टरच्या (सर्किटच्या चार भागांच्या) वेळा, टॉप स्पीड, पुढचा आणि मागचा टायर कोणता, नवा की वापरलेला, हे सगळं असतं. बहुतेक लोक फक्त सर्वोत्तम लॅप आणि टॉप स्पीड बघतात. दोन्ही फसवे.

टॉप स्पीड आधी बाद करा. कोणाच्या तरी मागे, त्याच्या हवेच्या पोकळीत चिकटून सरळ रस्त्यावर आलं की आकडा फुगतो. शिवाय मोटोजीपीत किमान वजन फक्त गाडीचं मोजतात, १५७ किलो. रायडरचं वजन त्यात नाही. मोटो३ आणि मोटो२ या खालच्या वर्गांत दोघांचं मिळून मोजतात, इथे नाही. त्यामुळे दानी पेद्रोसासारखा ५० किलोंच्या आसपासचा रायडर सरळ रस्त्यावर निघून जायचा आणि लोक म्हणायचे, होंडाने त्याला वेगळं इंजिन दिलंय.

मी अशी तुलना सुचवतो. शुक्रवारच्या तासाभराच्या प्रॅक्टिसची किंवा शनिवारी सकाळच्या ३० मिनिटांच्या सत्राची शीट घ्या. दोन्ही टीममेटचे असे लॅप शोधा ज्यात मागचा टायर एकाच प्रकारचा आणि साधारण १० ते १५ लॅप झालेला आहे. पिटमधून बाहेर पडतानाचा आणि आत येतानाचा लॅप काढून टाका. ज्या लॅपमध्ये एकच सेक्टर अचानक अर्ध्या सेकंदाने मंद आहे तोही काढा, तिथे पुढे कोणीतरी अडलेलं असतं. उरलेले लॅप वेळेनुसार लावा आणि मधला घ्या, सरासरी नको, कारण एका घसरलेल्या लॅपने सरासरी बिघडते.

मग फरक कुठल्या सेक्टरमध्ये आहे ते बघा. फरक चारही सेक्टरांत थोडाथोडा पसरलेला असेल तर बहुधा रायडर किंवा टायर. फरक फक्त जोरदार ब्रेकिंगच्या सेक्टरमध्ये असेल तर पुढच्या चाकावर विश्वास नाही, म्हणजे सेटिंग. आणि फरक फक्त हळू वळणातून बाहेर पडून लांब सरळ रस्ता असलेल्या सेक्टरमध्ये, तोही एकट्याने काढलेल्या लॅपमध्ये, सलग चारपाच सर्किटवर दिसला, तरच गाडीतल्या फरकाबद्दल बोलायला जागा आहे. एका सर्किटवरून काहीच सिद्ध होत नाही.

इंजिनाचं वयही लक्षात घ्या. एखाद्याचं इंजिन हंगामाच्या सुरुवातीलाच फुटलं की त्याला उरलेल्या इंजिनांवर वर्ष काढावं लागतं. मग शुक्रवारी तो जुनं, थकलेलं इंजिन लावतो आणि रेससाठी चांगलं राखून ठेवतो. शुक्रवारच्या शीटवर तो मंद दिसतो आणि इकडे आपण टीमला शिव्या घालतो.

आणखी एक. पहिल्या वर्षी नव्या गाडीपेक्षा जुनी गाडी चांगली असू शकते, कारण तिच्या सेटिंगचा प्रत्येक सर्किटवरचा डेटा हातात असतो. २०२५ला उपविजेता ठरलेला अलेक्स मार्केझ ४६७ गुणांसह जीपी२४ वर होता, म्हणजे आदल्या वर्षीच्या डुकाटीवर. इंजिन २०२४चं असलं तरी बान्यायाकडे गाडी नवी होती. नवं ते लाडक्याला आणि जुनं ते सावत्र पोराला, हे गणित इथे उलटं पडलं.

टूस्ट्रोक:
टीम ऑर्डरबद्दल. तिला मनाई करणारं कलम मोटोजीपीच्या नियमांत नाही. अडचण नियमांची नाही, ऑर्डर पाळून घेण्याची आहे, आणि ती आजची नाही.

१९६८. यामाहाकडे फिल रीड आणि बिल आयव्ही, आणि समोर तोडीस तोड कोणी नाही. टीमने ठरवून दिलं: १२५ सीसी गटाचं विजेतेपद रीडने घ्यायचं, २५० सीसीचं आयव्हीने. रीडने १२५चं विजेतेपद पक्कं केलं आणि त्यानंतर २५०मध्येही आयव्हीशी उघड लढायला लागला. हंगामाअखेर दोघांचे गुण सारखे. मग दोघांनी पूर्ण केलेल्या रेसच्या एकूण वेळा जोडून निकाल लावला आणि २५०चं विजेतेपदही रीडकडे गेलं. टीमच्या ऑर्डरला किंमत कधीपर्यंत, तर ती मोडल्यावर टीम काही करू शकते तोपर्यंत. पदरात विजेतेपद पडलेल्या आणि टीमवर विसंबून नसलेल्या रायडरला टीम काय करणार?

१९८३चं उदाहरण याच्या उलट आहे. तिथे ऑर्डर पाळायची इच्छा होती, जमलं नाही. इमोलाला शेवटची रेस, केनी रॉबर्ट्स आणि फ्रेडी स्पेन्सर. रॉबर्ट्स जिंकला आणि स्पेन्सर दुसरा आला तर विजेतेपद स्पेन्सरचं. म्हणून रॉबर्ट्सचा टीममेट एडी लॉसन याने स्पेन्सरच्या पुढे येणं गरजेचं होतं. त्यासाठी रॉबर्ट्स पुढे राहूनही वेग कमी ठेवत होता, म्हणजे घोळका एकत्र राहील आणि लॉसनला पोचता येईल. लॉसन पोचला नाही. रॉबर्ट्सने रेस जिंकली आणि विजेतेपद १४४ विरुद्ध १४२ असं दोन गुणांनी गमावलं. मोटरसायकलवर दुसऱ्यासाठी जागा अडवणं किंवा मोकळी करणं चारचाकीइतकं सोपं नाही. गाडी अरुंद, ओव्हरटेकच्या जागा भरपूर, आणि मुद्दाम मंद झालेला रायडर टायर थंड करून स्वतःच आपटण्याचा धोका पत्करतो.

ऑर्डर नसण्याचाही धोका असतो. २००६, एस्तोरिल, शेवटून दुसरी रेस. होंडाचा निकी हेडन १२ गुणांनी पुढे. त्याचाच टीममेट, तेव्हा पहिलंच वर्ष असलेला पेद्रोसा, वळणात आत घुसला, पुढचं चाक सटकलं आणि हेडनला घेऊन गेला. रेसनंतर व्हॅलेंटिनो रॉसी ८ गुणांनी पुढे. हेडन वाचला तो दोन कारणांनी. त्याच एस्तोरिलला टोनी एलियासने रॉसीला ०.००२ सेकंदाने हरवलं, म्हणजे रॉसीला २५ऐवजी २० गुण मिळाले. आणि शेवटच्या रेसला, व्हॅलेन्सियाला, रॉसी पडला. शेवट २५२ विरुद्ध २४७. ते पाच गुण मिळाले असते तर बरोबरी झाली असती आणि जास्त रेस जिंकल्यामुळे विजेतेपद रॉसीला गेलं असतं. दोन हजारांश सेकंदाने होंडाची अब्रू राखली.

पिटलेन_प्रेक्षक:
खूप मोलाची माहिती, तिघांचेही आभार. लॅपचार्ट, तुमची मधल्या लॅपची पद्धत आजच वापरून बघतो.

अजून दोन शंका. २०१७ला डुकाटीने लोरेन्झोला डॅशबोर्डवर 'सुचवलेलं मॅपिंग ८' (मॅपिंग म्हणजे इंजिन ताकद कशी देईल याची मांडणी) असा संदेश पाठवला होता, ती टीम ऑर्डरच होती ना? आणि २०२५ला थायलंडमधल्या बुरीरामला मार्क मार्केझ आरामात पुढे असताना त्याने भावाला, अलेक्सला, पुढे जाऊ दिलं, शेवटी परत मागे टाकलं. हे काय होतं? भावासाठी केलं म्हणावं तर शेवटी जिंकला स्वतःच.

ब्रेकमार्कर:
दोन्हींची उत्तरं आकड्यांत आहेत.

सेपांग २०१७. रेसआधी मार्केझ २६९, लोरेन्झोचा डुकाटीतला टीममेट डोविझिओसो २३६. फरक ३३. त्यानंतर एकच रेस, म्हणजे २५ गुण उरणार. ओल्या ट्रॅकवर लोरेन्झो पहिला, डोविझिओसो दुसरा, मार्केझ चौथा. तसंच संपलं असतं तर डोविझिओसोला २० आणि मार्केझला १३, फरक २६. विजेतेपद तिथेच मार्केझचं झालं असतं. डोविझिओसो पहिला आला तर फरक २१ आणि लढत शेवटच्या रेसपर्यंत जिवंत. म्हणजे त्या एका जागेवर अख्खा हंगाम टेकलेला होता. त्यात तो संदेश झळकला. पुढे शेवटच्या वळणावर लोरेन्झोचं पुढचं चाक सटकलं, तो सावरला पण बाहेर गेला आणि डोविझिओसो पुढे निघाला. संदेश इंजिनाच्या मॅपिंगबद्दलच होता असं टीमचं म्हणणं. तो पाळला गेला की चाक सटकल्यामुळे प्रश्नच मिटला, हे व्हिडिओ कितीही वेळा पाहून ठरत नाही.

शेवटच्या रेसला, व्हॅलेन्सियाला, मात्र ठरतं. लोरेन्झो डोविझिओसोच्या पुढे होता, संदेश आणि पिट बोर्ड (पिटजवळून टीम दाखवते ती पाटी) पुन्हा पुन्हा दाखवले, तो हलला नाही. त्याचं म्हणणं असं की आपण पुढे राहून डोविझिओसोला ओढून नेत होतो, पुढच्यांना गाठायला. हे ऐकायला सबबीसारखं वाटतं, पण पूर्ण टाकाऊ नाही: डोविझिओसोला रेस जिंकायचीच होती आणि मार्केझने १२वा किंवा त्याच्या मागे यायला हवं होतं. लोरेन्झोला मागे टाकूनही तो आपोआप पहिला होत नव्हता. शेवटी दोघंही एकाच लॅपमध्ये पडले आणि विषय संपला.

यातला कच्चा दुवा संदेशाचा मार्ग आहे. रेस चालू असताना गॅरेजमधून रायडरशी बोलता येत नाही. उरतात पिट बोर्ड आणि डॅशबोर्डवरची ओळ. पिट बोर्ड ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जाताना लॅपमध्ये एकदा, डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो. डॅशबोर्ड फक्त सरळ रस्त्यावर वाचता येतो, फेअरिंगमागे डोकं घातलेलं असताना. उलट उत्तर देण्याची सोय नाही. रायडरला कारण समजत नाही, त्याच्या मनात ते जुळत नाही, म्हणून तो पाळत नाही. जिथे ऑर्डर पाळली जाते तिथे बहुतेकदा ती रेसआधी ट्रकमध्ये बसून, गुणांच्या हिशेबासकट, समजावलेली असते.

बुरीरामचं तर पक्षपाताशी देणंघेणंच नाही. पुढच्या टायरमध्ये किमान १.८ बार दाब रेसच्या ६० टक्के लॅपमध्ये असावाच लागतो. कमी भरला तर मुख्य रेसमध्ये १६ सेकंदांची शिक्षा. (स्प्रिंटला ३० टक्के लॅप आणि ८ सेकंद.) आता, हवेचा दाब टायरच्या तापमानावर. दुसऱ्या गाडीच्या मागे राहिलं की तिच्या इंजिनाची आणि ब्रेकची गरम हवा अंगावर येते, पुढचा टायर तापतो, दाब चढतो. एकट्याने पुढे राहिलं की थंड हवा थेट टायरवर, दाब उतरतो. टीम सुरुवातीचा दाब अंदाजाने ठरवते: रायडर घोळक्यात अडकेल असं गृहीत धरून कमी ठेवला आणि तो एकटाच पुढे निघून गेला, तर गोची. उलट जास्त ठेवला आणि तो घोळक्यात अडकला, तर टायर फुगतो, ब्रेक लावताना पकड जाते. त्या दिवशी मार्केझला दाब कमी असल्याची सूचना आली. २६ लॅपची रेस, म्हणजे १६ लॅप दाब वर हवा. त्याने अलेक्सला पुढे जाऊ दिलं, बराच वेळ त्याच्या मागे राहून टायर तापवला, हिशेब पूर्ण झाल्यावर शेवटच्या काही लॅपमध्ये पुढे गेला. समोर दुसरा कोणी असता तरी हेच केलं असतं.

म्हणून एखाद्याने जागा सोडली की आधी दाब, मग इंधन, मग टायर तपासावा. नात्यागोत्याचा आणि टीम ऑर्डरचा नंबर त्यानंतर.

टूस्ट्रोक:
रॉसी आणि लोरेन्झोच्या भिंतीचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून भर घालतो. २००८ला यामाहाच्या गॅरेजमध्ये मधोमध भिंत उभी राहिली. लोकांच्या डोक्यात ती रॉसीच्या अहंकाराची खूण म्हणून बसली आहे. सुरुवातीचं कारण साधं होतं: त्या वर्षी रॉसी ब्रिजस्टोनवर आणि लोरेन्झो मिशेलिनवर होता, आणि एका टायर कंपनीचा डेटा दुसरीच्या माणसांना दिसू नये म्हणून आडोसा हवा होता. २००९ला सगळ्यांना ब्रिजस्टोन मिळाले. कारण गेलं, भिंत राहिली. तिथून पुढे ती अहंकाराची. २०१०ला मुजेल्लोला रॉसीचा पाय मोडला, विजेतेपद लोरेन्झोला, आणि रॉसी डुकाटीला गेला. तिथे दोन वर्षांत एकही विजय नाही.

२०१५ला दोघं पुन्हा एकाच गॅरेजमध्ये, दोघंही विजेतेपदाच्या लढतीत, लोरेन्झो ३३०, रॉसी ३२५. यामाहाने कोणाचीच बाजू घेतली नाही. जिथे दोन्ही रायडर शर्यतीत आहेत तिथे टीमला ऑर्डर देताच येत नाही, कारण दिली की एकाला कायमचं गमावलं.

सहावा_गिअर:
भिंतीवरून डेटाकडे. डुकाटी नेमकं उलट करते: सगळ्या डुकाटी रायडरांचा डेटा सगळ्यांना खुला, सॅटेलाइट टीमलासुद्धा (कारखान्याकडून गाड्या घेणाऱ्या स्वतंत्र टीमला). ब्रेकचा दाब, थ्रॉटल किती उघडला, गाडी किती अंश झुकली, हे दोघांचे आलेख एकावर एक ठेवून वळणावार बघता येतात. शुक्रवारी दुपारी एकाने सातव्या वळणात नवी युक्ती शोधली की संध्याकाळी पाच जणांना ती माहीत असते.

याचा तोटा कोणी बोलत नाही. दुसऱ्याचा ब्रेकिंग पॉइंट दिसतो, पण त्याचा पुढचा फोर्क, चाकांमधलं अंतर, इंजिन ब्रेकिंगचे आकडे आपल्या गाडीत नसतात. त्याच जागी ब्रेक दाबायला गेलं की पुढचं चाक सटकतं. मागे पडलेला रायडर जितका टीममेटचा आलेख बघतो तितका स्वतःच्या सेटिंगपासून लांब जातो. बान्यायाच्या २०२५मध्ये मला हे कारण पक्षपातापेक्षा कितीतरी जास्त पटतं. मोतेगीला त्याचं जमलं, कारण तिथलं सेटिंग त्याच्या अंगाचं होतं. आठवड्याभरात गाडी तीच, सर्किट वेगळं, आणि पुन्हा आधार गेला.

आणि डुकाटीवर पक्षपाताचा आरोप करण्याआधी २०२४ आठवावं. होर्हे मार्टिन प्रामाकमध्ये, सॅटेलाइट टीम. जूनमध्येच त्याचा पुढच्या वर्षीचा करार अप्रिलियाशी झालेला. प्रामाकसुद्धा यामाहाकडे जाणार हे ठरलेलं. समोर फॅक्टरीचा स्वतःचा जगज्जेता बान्याया. कुठल्याही कारखान्याने अशा वेळी मार्टिनचा नवीन पार्ट हळूच थांबवला असता. डुकाटीने त्याला शेवटपर्यंत जीपी२४ पूर्ण पाठिंब्यासह दिली, आणि तो बार्सिलोनाला ५०८ विरुद्ध ४९८ गुणांनी जिंकून एक नंबरची पाटी अप्रिलियाला घेऊन गेला. दोन वर्षं आधी आरागॉनलाही तेच: बान्याया विजेतेपदासाठी एकेक गुण जमवत असताना ग्रेसिनी या दुसऱ्या सॅटेलाइट टीमच्या बास्तियानिनीने शेवटच्या लॅपमध्ये त्याला मागे टाकून ०.०४२ सेकंदाने रेस घेतली. कोणी अडवलं नाही.

लॅपचार्ट:
इथे मी थोडा असहमत. २०२२लाच बुरीरामला पावसात प्रामाकचा झार्को वेगात असून बान्यायाच्या मागे चौथा राहिला, हल्ला केलाच नाही. ऑर्डर होती असं मी म्हणत नाही. पण ज्याचा करार कारखान्याच्या हातात आहे त्याला ऑर्डर द्यावीच लागत नाही. बास्तियानिनीचा फॅक्टरीतला करार आरागॉनआधीच जाहीर झाला होता, तो निर्धास्त होता. म्हणून टायमिंग शीटइतकंच करारांच्या तारखांकडे लक्ष ठेवा. कोणाचा करार संपतोय, आणि तो टीमशी आहे की थेट कारखान्याशी, हे आधी पाहून मग रेसचे शेवटचे पाच लॅप बघा.

पिटलेन_प्रेक्षक:
हा मुद्दा पटला. एक शेवटचं: २०१३ला आरागॉनला मार्केझने होंडातल्याच टीममेट पेद्रोसाच्या गाडीची वायर तोडली म्हणतात, ते मुद्दाम शक्य आहे का?

ब्रेकमार्कर:
नाही. मागच्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची ती वायर होती, स्विंगआर्मच्या बाजूने गेलेली, बोटापेक्षा बारीक. मार्केझ ब्रेकिंगला उशीर झाल्यामुळे पेद्रोसाला जेमतेम घासला. दोघंही सरळ राहिले, बघणाऱ्याला काही झालं असं वाटलंही नाही. पण ट्रॅक्शन कंट्रोल पुढच्या आणि मागच्या चाकाच्या वेगातला फरक बघून चाक घसरतंय का ते ठरवतं. मागचा वेगच येईना, तर घसरणंही दिसेना. पेद्रोसाने नेहमीसारखा थ्रॉटल उघडला, पूर्ण ताकद चाकावर आली आणि हायसाइडने (घसरलेल्या मागच्या चाकाला अचानक पकड मिळून बसणाऱ्या झटक्याने) तो हवेत फेकला गेला. मार्केझला एक पेनल्टी पॉइंट मिळाला, आणि होंडाचे त्या रेसचे उत्पादक विजेतेपदाचे २५ गुण काढून घेतले, कारण इतका महत्त्वाचा सेन्सर उघड्यावर ठेवणं हा गाडीचा दोष धरला गेला. नंतर होंडाने त्या सेन्सरची मांडणी बदलली.